टेस्टामेंटचा 'डेमॉनिक': थ्रॅशशी गद्दारी की अर्धवट सोडलेलं धाडस?

रिफवेडा

टेस्टामेंट या मेटल बँडचा विषय निघाला की 'द लेगसी' (१९८७) आणि 'द न्यू ऑर्डर' (१९८८) या अल्बमना नमस्कार होतो, 'द गॅदरिंग' (१९९९) चं तोंडभरून कौतुक होतं, आणि मधला १९९७ चा 'डेमॉनिक' सगळे गुपचूप ओलांडून जातात. कुणी नाव काढलंच तर "हो, तो डेथ मेटलवाला" एवढ्यावर विषय संपतो. मला तो इतक्यात संपवायचा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियातल्या बे एरियाचा हा थ्रॅश बँड. थ्रॅश म्हणजे वेगवान, धारदार गिटारचं मेटल; डेथ मेटल त्याहून जड आणि गुरगुरत्या आवाजाचं. १९९२ च्या 'द रिच्युअल'मध्ये गाणी संथ, सुरेल झाली. त्यानंतर गिटारिस्ट ॲलेक्स स्कोल्निक गेला, ड्रमर लुई क्लेमेंते गेला. १९९४ ला 'लो' आला, मग अटलांटिक या मोठ्या कंपनीची साथ सुटली. आणि १९९७ ला 'डेमॉनिक': गायक चक बिली जवळपास अख्खा अल्बम खर्जातल्या गुरगुराटात गातो, ड्रमवर डार्क एंजल आणि डेथ या बँडमधून आलेला जीन होग्लन, बेसवर बँडच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतला डेरिक रामिरेझ, आणि गिटारचा जवळजवळ सगळा भार एकट्या एरिक पीटरसनवर. ग्लेन अल्व्हेलेसचं नाव आहे, पण सोलो मोजकेच.

माझं म्हणणं असं की ग्राउलवर, म्हणजे त्या गुरगुराटावर, फोडलेलं खापर चुकीच्या डोक्यावर फुटलंय. बिलीचा आवाज या अल्बमची सर्वांत भक्कम बाजू आहे. अल्बम लंगडतो तो गिटारमुळे. पूर्वीच्या टेस्टामेंटमध्ये पीटरसनचा रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) आणि स्कोल्निकचा सोलो यांचा संवाद चालायचा. इथे एक बोलणारा उठून गेला आणि त्याच्या जागी काहीच ठेवलं नाही. डेथ मेटलचा आवाज घेतला, पण त्या संगीतातली रचनेची गुंतागुंत घेतली नाही.

तरीही दिशा बरोबर होती असं मी म्हणतो. १९९६ ला मेटालिकाचा 'लोड' आला, १९९७ ला मेगाडेथचा 'क्रिप्टिक रायटिंग्ज', म्हणजे एकेक जण मऊ होत चालला होता. डेथ मेटलचाही भर ओसरला होता, कारकॅस तर 'स्वानसाँग' काढून थांबले होते. अशा वेळी आणखी कर्कश होऊन कुणाच्या खिशात काय पडणार होतं? याला बाजारूपणा म्हणताच येत नाही.

जुनी कॅसेट

साफ असहमत.

थ्रॅशमध्ये ओरडणारे पुष्कळ होते. चाल धरून गाऊ शकणारे किती होते, बोटं मोडून सांगा. बिली त्यातला अव्वल. 'ओव्हर द वॉल'मधला तिखटपणा, 'रिटर्न टू सेरेनिटी'मधला मोकळा सूर, 'लो'वरच्या 'ट्रेल ऑफ टिअर्स'मधली वेदना. स्वतः मूलनिवासी पोमो वंशाचा माणूस आपल्या लोकांच्या विस्थापनाबद्दल गातो तेव्हा त्या आवाजात जे येतं ते शिकवून येत नाही. आणि हे सगळं बाजूला ठेवून त्याने काय घेतलं? १९९७ पर्यंत डेथ मेटलच्या बालेकिल्ल्यात, फ्लोरिडात, दर दुसऱ्या बँडकडे होता तो गुरगुराट! जे फक्त तुमच्यापाशी आहे ते टाकायचं आणि जे गल्लोगल्ली मिळतं ते उचलायचं, याला धाडस म्हणत असाल तर तुम्हाला शुभेच्छा.

पैशाचा हेतू नव्हता हे मान्य. पण हेतू शुद्ध असला म्हणून गाणं चांगलं होत नाही.

दुहेरी पेडल

दोघंही एक गोष्ट गृहीत धरून भांडताय. 'डेमॉनिक' डेथ मेटल आहे हे ठरवलं कुणी?

आवाज क्षणभर विसरा आणि फक्त ड्रम ऐका. बहुतेक गाणी मध्यम लयीत, डुलत जाणारी. ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचे अतिवेगवान सलग ठोके, शोधत बसावे लागतात. 'जॉन डो' किंवा 'डिस्टॉर्टेड लाइव्ह्ज' घ्या, त्यावर साधा ओरडणारा गायक बसवला तर अल्बम पँटेरा आणि मशीन हेडच्या रांगेत जाऊन उभा राहतो. म्हणजे हे ग्रूव्ह मेटल आहे, वरून ग्राउल. आणि ग्रूव्ह तर त्या काळी चांगलंच चालत होतं, त्यामुळे रिफवेडा यांचा "बाजारूपणा नाही" हा मुद्दाही तितकासा टिकत नाही.

मला सर्वांत जास्त राग येतो तो होग्लनच्या वापराचा. या माणसाने १९९५ ला डेथच्या 'सिम्बॉलिक'वर काय वाजवलंय! 'डेमॉनिक' आला त्याच वर्षी स्ट्रॅपिंग यंग लॅडच्या 'सिटी'वर त्याने जो धुमाकूळ घातला तो ऐका, आणि मग इकडे या. इथे त्याला ठेका धरायला बसवलंय. मधूनमधून झांजांवर आणि दुहेरी बासवर स्वतःची सही करून घेतो बिचारा, पण मोकळं सोडलेलं नाही.

रिफवेडा

@दुहेरी पेडल, लय संथ म्हणून डेथ मेटल नाही, हे कसं? ऑबिच्युअरीचा 'कॉज ऑफ डेथ' (१९९०) काढा. त्यातले कितीतरी भाग चिखलातून चालल्यासारखे आहेत, आणि त्याला कुणी ग्रूव्ह म्हणून हिणवत नाही. त्या अल्बमवर लीड गिटार कुणाची? जेम्स मर्फीची. तोच मर्फी पुढे 'लो'वर आणि 'गॅदरिंग'वर. म्हणजे टेस्टामेंटला संथ डेथ मेटलची ओळख थेट त्यात हात बुडवलेल्या माणसाकडून झाली होती.

होग्लनबद्दल मात्र तुमचा राग समजतो. तो माझ्याच मुद्द्याकडे येतो: रचना अर्धवट.

जुनी कॅसेट

बरं झालं मर्फीचं नाव तुम्हीच काढलंत.

'लो'वर मर्फी होता, टेम्पेस्टा ड्रमवर होता, आणि डेथ मेटल तिथेही होतं. पण ते कसं वापरलंय बघा. सगळा अल्बम बिली आपल्या जाड, रांगड्या पण चालीतल्या आवाजात गातो आणि 'डॉग फेस्ड गॉड्स'ला अचानक तळाशी जातो. अंगावर येतं! का? कारण आजूबाजूला तसं काही नाही. 'डेमॉनिक'मध्ये तोच तळ पहिल्या गाण्यापासून. तिसऱ्या गाण्यापर्यंत कान सरावतात आणि उरलेल्या अल्बमभर तो आवाज नुसती पार्श्वभूमी होऊन बसतो. 'टुगेदर ॲज वन'सारखं गाणं तर चालीसाठी तहानलेलं वाटतं.

त्यामुळे 'गॅदरिंग'चं श्रेय 'डेमॉनिक'ला देण्याची जी पद्धत पडली आहे (तुम्हीही पुढे तेच म्हणणार, दिसतंय) ती मला मान्य नाही. 'लो'पासून 'गॅदरिंग'पर्यंत सरळ रस्ता जातो. 'डेमॉनिक' हा आडफाटा.

मंद्र सप्तक

गाणं शिकलेली आणि दोन्ही प्रकार घसा जपून करू पाहणारी व्यक्ती म्हणून लिहिते.

आडफाटा म्हणता, पण गायकाच्या बाजूने पाहिलं तर 'डेमॉनिक' वगळून 'गॅदरिंग'पर्यंत पोचताच येत नाही. ग्राउल म्हणजे खाली जाऊन ओरडणं नव्हे. स्वरतंतूंच्या वर ज्या घड्या असतात त्या कंप पावतात, श्वासाचा दाब वेगळा लागतो, तोंडाचा आकार वेगळा लागतो. एका गाण्यापुरतं कुणीही रेटून नेतं. सबंध अल्बमभर टिकवायचं, आणि वर शब्दही कळले पाहिजेत, हे वेगळं काम आहे. बिलीचे शब्द कळतात. डेथ मेटलमध्ये ही चैन फार थोड्यांकडे आहे.

आता 'डी.एन.आर.' किंवा 'लीजन्स ऑफ द डेड' ऐका. 'लो'मध्ये दोन आवाज दोन वेगळ्या गाण्यांत राहत होते. इथे तो एकाच ओळीत खालून वर येतो आणि सांधा ऐकू येत नाही. चालीचा आवाज आणि ग्राउल यांच्या मधला एक तिसरा, खरखरीत पण सुरातला आवाज त्याला सापडलाय. तोच पुढे त्याची ओळख झाला. हा आवाज दोन अल्बमच्या मधल्या फटीत आपोआप उगवला असं म्हणायचं असेल तर म्हणा.

@जुनी कॅसेट, कान सरावण्याचा तुमचा मुद्दा मात्र मला पटतो. अल्बम जेमतेम चाळीस मिनिटांचा आहे, तरी लांब वाटतो.

तिरकस

फ्लोरिडा, फ्लोरिडा काय लावलंय?

पझेस्ड हा डेथ मेटल बँड कुठला? बे एरियाचे. 'सेव्हन चर्चेस' कधीचा? १९८५ चा, म्हणजे टेस्टामेंटच्या पहिल्या अल्बमच्याही आधीचा. त्यातल्या शेवटच्या गाण्याचं नावच 'डेथ मेटल'. त्यांचा गिटारिस्ट लॅरी लालोंड ज्या गिटारिस्ट सॅट्रिआनीकडे शिकला, आपला स्कोल्निकही त्याच्याकडेच. मग टेस्टामेंटने १९९७ ला परक्याचं काय उचललं? तो प्रकार जिथे उगवला तिथलीच ही पोरं. थ्रॅश आणि डेथ यांच्यात कुंपण नंतर बांधलं, तेही बहुतेक ऐकणाऱ्यांनी.

आणि सेपुल्टुरा उलट्या दिशेने गेले. 'मॉर्बिड व्हिजन्स' (१९८६) बघा आणि 'बिनीथ द रिमेन्स' (१९८९) बघा. तिकडे त्याला "प्रगती" म्हणायचं, इकडे "गद्दारी". मजा आहे.

जुनी कॅसेट

@तिरकस, सेपुल्टुरा १९८६ ला वाजवायला शिकत होते. पोरं शिकली, हात बसला, ध्वनिमुद्रण सुधारलं, म्हणून संगीत बदललं. टेस्टामेंट १९९७ ला पहिल्या अल्बमपासून दहा वर्षं जुना बँड होता. त्यांच्याकडे स्वतःची भाषा होती. दोन्ही बदल एकाच तराजूत कसे घालता?

पझेस्डचं खरं आहे. पण शेजारी पिकतं म्हणून आपण तेच पेरलं पाहिजे असं नाही. स्लेयर बघा. डेथ मेटलवाल्या निम्म्या जगाने स्लेयरकडून घेतलं, आणि त्यांचा गायक टॉम अराया एक दिवसही ग्राउल करायला गेला नाही. काही कमी पडलं का?

@मंद्र सप्तक, तुमचं तांत्रिक विवेचन आवडलं. पण गायकाचा रियाझ आम्ही विकत का घ्यावा?

मंद्र सप्तक

कारण तो रियाझ 'डेमॉनिक'वरच्या 'हेट्रेड्स राइज'सारखा वाजत असेल तर मी आनंदाने घेते.

रिफवेडा

स्लेयरचं उदाहरण माझ्या बाजूने जातं. १९९८ च्या 'डायबोलस इन म्युझिका'मध्ये स्लेयरही त्या वेळच्या उसळत्या ग्रूव्हकडे झुकले होते. त्या काळात थ्रॅशवाला कुणीच जागच्या जागी उभा नव्हता. प्रश्न फक्त कोण कुठे सरकला एवढाच.

आता माझा खरा पुरावा. २०१२ चा 'डार्क रूट्स ऑफ अर्थ'. स्कोल्निक परतलेला, आणि ड्रमवर पुन्हा होग्लन. 'नेटिव्ह ब्लड' लावा. खाली ब्लास्ट बीट, वर सगळ्यांना म्हणता येईल असं धृपद, आणि मधे स्कोल्निकचा सोलो. 'डेमॉनिक'ला जे व्हायचं होतं ते हे आहे. साहित्य बरंचसं तेच, ड्रमर तोच, गायक तोच, पीटरसन तोच. फरक एवढाच की गिटारशी बोलायला दुसरी गिटार आहे. हे माझ्या मूळ मुद्द्याशी ताडून बघा: डेथ मेटलकडे जाणं चुकलं असतं तर पंधरा वर्षांनी तीच वाट इतकी चांगली कशी निघाली?

दुहेरी पेडल

म्हणजे तुमच्याच म्हणण्यानुसार 'डेमॉनिक' हा कच्चा खर्डा. मग खर्डा छापायचा कशाला?

आणखी एक. पीटरसनला अंधाऱ्या, टोकाच्या संगीताची ओढ होतीच. २००१ ला त्याने ड्रॅगनलॉर्ड या नावाने वेगळा ब्लॅक मेटल अल्बम काढला, 'रॅप्चर'. टेस्टामेंटच्या नावावर टाकला नाही. तेव्हा सुचलं ते १९९७ ला का सुचू नये? 'डेमॉनिक' दुसऱ्या नावाने आला असता तर आज आपण त्याला "होग्लन आणि बिलीचा भन्नाट उपद्व्याप" म्हणून डोक्यावर घेतलं असतं. लोकांचं भांडण संगीताशी कमी आणि मुखपृष्ठावरच्या नावाशी जास्त आहे. आणि ते भांडण रास्त आहे, कारण नाव वाचून माणूस काहीतरी अपेक्षा धरतो.

रिफवेडा

दुसऱ्या नावाने काढला असता तर ते सगळं त्या दुसऱ्या नावापाशीच राहिलं असतं. टेस्टामेंट २००१ च्या 'फर्स्ट स्ट्राइक स्टिल डेडली'सारखे जुनीच गाणी नव्याने वाजवत बसले असते. तो अल्बम मला आवडतो, पण पुढची वीस वर्षं त्यावर निघत नाहीत.

तिरकस

'फर्स्ट स्ट्राइक'ला नावं ठेवू नका. त्यावर डिजॉर्जिओ बेस वाजवतोय. सॅडसचा, डेथचा डिजॉर्जिओ. जुनी गाणी वाजवायलाही डेथ मेटलचाच माणूस लागला, हे जुनी कॅसेट यांनी नोंदवून घ्यावं.

जुनी कॅसेट

नोंदवलं. बेसचं कौतुक आहेच, ग्राउल तो करत नाही.

आगंतुक

मी यातला एकही अल्बम पूर्ण ऐकलेला नाही, 'इन्टू द पिट' तेवढं माहीत आहे. सुरुवात कुठून करू?

जुनी कॅसेट

'द न्यू ऑर्डर' पूर्ण ऐक, कारण 'इन्टू द पिट' त्यातलंच. मग 'लो', मग 'गॅदरिंग'. 'डेमॉनिक' नंतर कधीतरी, वेळ उरला तर.

मंद्र सप्तक

'लो' आणि 'गॅदरिंग'च्या मधेच ऐका, क्रम मोडू नका. नाहीतर 'डी.एन.आर.'मध्ये तो आवाज कुठून आला ते कळणार नाही.

दुहेरी पेडल

आणि 'डेमॉनिक' ऐकाल त्याच दिवशी 'सिटी'ही ऐका. एकाच ड्रमरचं एकाच वर्षातलं काम. मग इथे येऊन सांगा, मी उगाच चिडतोय का.

रिफवेडा

उगाच नाही, पण चुकीच्या माणसावर. होग्लनला कुणी दाबलं नाही, त्याला उत्तर देणारी गिटारच नव्हती.

दुहेरी पेडल

'सिटी'वर तरी स्कोल्निक कुठे होता?