‘नागरिकत्व’ आणि ‘राष्ट्रीयत्व’ : इस्रायलच्या अरबांबद्दल लिहिताना कोणता शब्द?

प्रश्न : एका लेखाचं मुद्रितशोधन करताना अडलो आहे. विषय इस्रायलमधल्या अरबांच्या हक्कांचा. लेखकाने एका जागी ‘अरबांचे इस्रायली नागरिकत्व’ आणि पुढच्याच परिच्छेदात ‘अरबांचे इस्रायली राष्ट्रीयत्व’ लिहिलंय. दोन्हीकडे एकच शब्द ठेवावा असं वाटतं. कोणता ठेवू? शिवाय ‘इस्रायली अरब’ म्हणायचं की ‘इस्रायलमधले पॅलेस्टिनी’?

उत्तर : दोन शब्द आहेत ते राहू द्या, पण दुसरं वाक्य बदला. ‘इस्रायली राष्ट्रीयत्व’ ही गोष्ट तिथल्या सरकारी नोंदवहीत अस्तित्वातच नाही. सगळं दुखणं तिथेच आहे, आणि दोन्हीकडे एकच शब्द घातलात तर वाचकाला ते दिसणारच नाही.

आपण अर्जातल्या ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात विचारही न करता ‘भारतीय’ लिहितो, म्हणून मराठीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास चालतात. हिब्रूत तसं नाही. ‘एझ्राहूत’ म्हणजे नागरिकत्व. ‘लेओम’ म्हणजे माणूस ज्या लोकसमूहाचा, ज्या राष्ट्राचा म्हणून ओळखला जातो ते. एझ्राहूत सगळ्यांची इस्रायली. लेओमच्या नोंदीत मात्र ज्यू, अरब, द्रूझ (अरबी बोलणारा एक वेगळा धर्मसमूह) असं लिहिलेलं असतं. ‘इस्रायली’ असा लेओम नोंदवून घ्यावा म्हणून उझी ओर्नान आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले होते. ओर्नान भाषाशास्त्रज्ञ, म्हणजे हा खटला एका अर्थी शब्दचर्चाच होता. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. ओळखपत्रावर लेओमची ओळ पूर्वी स्पष्ट छापलेली असे. या शतकाच्या सुरुवातीला तिथे शब्दाऐवजी ताऱ्यांची रांग आली. कार्डावरचा शब्द गेला, नोंदवहीतला राहिला.

आता याचा हक्कांशी संबंध. 14 मे 1948 च्या स्वातंत्र्याच्या घोषणेत धर्म, वंश, लिंग न पाहता सर्व रहिवाशांना सामाजिक आणि राजकीय हक्कांची पूर्ण समानता देण्याचं वचन आहे. अरब नागरिकांनी 1949 च्या पहिल्याच निवडणुकीत मतदान केलं. क्नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, त्यांचे प्रतिनिधी तेव्हापासून आहेत, आणि 2021 मध्ये मन्सूर अब्बास यांचा अरब पक्ष सत्ताधारी आघाडीतही सामील झाला. हे लेखात यायलाच हवं. पण त्याच नागरिकांपैकी बहुतेकांवर 1966 पर्यंत लष्करी अंमल होता, गावाबाहेर जायला परवाना लागे, हेही यायला हवं. मत आहे आणि गावाची वेस ओलांडायला चिठ्ठी लागते, अशी अठरा वर्षं. आणि जुलै 2018 च्या, राज्यघटनेचं वजन असलेल्या मूलभूत कायद्याने (62 विरुद्ध 55 मतं) लिहून ठेवलं की इस्रायलमध्ये राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यू लोकांचा. अरबी तोवर अधिकृत भाषा होती, तिला ‘विशेष दर्जा’ मिळाला. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा 10 विरुद्ध 1 असा उचलून धरला. विरोधातलं एकमेव मत न्यायमूर्ती जॉर्ज कारा यांचं, खंडपीठावरच्या एकट्या अरब न्यायाधीशांचं. नागरिकत्व सगळ्यांना, राष्ट्र एकाचं. म्हणून म्हणते, शब्द दोनच हवेत.

पुरवणी प्रश्न : मग लेओमला मराठीत काय लिहू? ‘जमात’, ‘वंश’?

उत्तर : दोन्ही नकोत. ‘जमात’ म्हटलं की आपल्याला अनुसूचित जमाती आठवतात, आणि ‘वंश’ रक्ताकडे जातो. ‘राष्ट्रीयत्व (लेओम)’ असं लिहा आणि पहिल्यांदा आलं की एका वाक्यात खुलासा करा.

‘इस्रायली अरब’ हा सरकारी आणि बातम्यांतला शब्द. त्यांच्यातले पुष्कळजण स्वतःला ‘इस्रायलचे पॅलेस्टिनी नागरिक’ म्हणवतात. बोलताना अरबीत ‘अरब अल-दाखिल’ म्हणतात. दाखिल म्हणजे आतला, आपला ‘दाखल’ त्यातूनच आला. 1948 च्या युद्धानंतर ठरलेल्या रेषेच्या आत राहिलेले ते दाखिल. सगळ्यांना एकच नाव लावू नका मात्र. द्रूझ पुरुषांना 1956 पासून सक्तीची लष्करी सेवा आहे आणि त्यांच्यातले अनेकजण ‘पॅलेस्टिनी’ म्हणवून घेत नाहीत. पूर्व जेरुसलेमचे बहुतेक अरब तर नागरिकच नाहीत, कायम रहिवासी आहेत. तिथे ‘नागरिक’ लिहिलंत तर तथ्याची चूक होईल.

आणखी एक हिब्रू शब्द : ‘बनेई मिउतीम’, म्हणजे अल्पसंख्याक. शब्दशः ‘अल्पसंख्यांचे पुत्र’. हा ‘बनेई’ आपल्या ओळखीचा आहे, कोकणातल्या बेने इस्रायलमधला ‘बेने’ तोच. रायगडातून तिकडे गेलेल्या या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनाही आपण पुरते ज्यू आहोत हे धर्मपीठाकडून मान्य करून घ्यायला 1964 पर्यंत झगडावं लागलं. त्यांचा झगडा लेओमच्या आतला होता, अरबांचा त्याच्या बाहेरून आहे. दोन्ही एका मापाने मोजू नका.

आणि लेखात ‘प्रेझेंट ॲबसेंटी’ असेल तर त्याचं ‘उपस्थित अनुपस्थित’ करू नका, तो हजेरीपटातला शब्द वाटतो. अरबीत या लोकांना ‘हाजिर’ आणि ‘गाइब’ हे दोन शब्द जोडून म्हणतात, आपले ‘हजर’ आणि ‘गायब’. ‘हजर-गायब’ असंच लिहा. 1950 च्या कायद्याने, 1948 च्या युद्धाच्या काळात आपलं राहतं ठिकाण सोडून शत्रूच्या ताब्यातल्या भागात गेलेला माणूस ‘गायब’ ठरला आणि त्याची मालमत्ता सरकारी ताबेदाराकडे गेली. तो इस्रायलमध्येच असला, पुढे नागरिक झाला, तरी जमिनीपुरता गायबच. सफ्फूरिया हे अरब गाव जुलै 1948 मध्ये इस्रायली सैन्याच्या हाती पडलं. तिथून निघालेल्यांपैकी बरेचजण जवळच्या नाझरेथ शहरात राहिले. त्यांची वस्ती अजून ‘सफाफ्रा’ म्हणजे सफ्फूरियावाल्यांची म्हणून ओळखली जाते. जुनं गाव तिथून जेमतेम सहा किलोमीटर. त्या जागी आता त्झिपोरी ही ज्यू वस्ती आहे. सातबाऱ्यावरच्या नावासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या लोकांना ‘जमिनीपुरता गायब’ हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

अरबीत नागरिकाला ‘मुवातिन’ म्हणतात. ‘वतन’ ज्या धातूतून आला, त्यातूनच तोही. मराठीत वतन म्हणजे पिढीजात हक्काची जमीन नि मान, अरबीत मायभूमी. तिथल्या अरबाकडे मुवातिन हा शब्द आहे, वतनाबद्दल वाद आहे.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. वाक्य असं केलं आहे : ‘इस्रायलच्या अरब नागरिकांना मताधिकार आहे, परंतु सरकारी नोंदीत त्यांचे राष्ट्रीयत्व (लेओम) इस्रायली नाही, आणि ज्यू नागरिकांचेही नाही.’ शेवटचे चार शब्द लेखकाला विचारून घातले.