बंदिशींची जुनी पत्रे: स्वरलिपी, तारखा आणि जपणूक

धंतोलीकर
एका दिवंगत वाग्गेयकारांनी (बंदिशीचे शब्द आणि चाल दोन्ही रचणाऱ्यांनी) नागपुरातल्या शिष्याला लिहिलेली पत्रे हाती आली आहेत. पोस्टकार्डे, अंतर्देशीय पत्रे, काही वहीची पाने. त्यांत बंदिशी स्वरलिपीत आहेत आणि मधूनमधून अंतरा बदलल्याच्या सूचना. काही पत्रांतल्या बंदिशी लिहिल्याप्रमाणे गाऊन पाहिल्या, तर मंद्राच्या (खालच्या सप्तकाच्या) जागी तार (वरचे सप्तक) येतो आणि चाल मोडते. बऱ्याच कार्डांवर तारीख नाही. कागद पिवळे पडलेत, लॅमिनेट करावेत का?

षड्जपंचम
चाल मोडते त्या पत्रांची लिपी बहुधा विष्णु दिगंबर पलुस्करांची आहे, आणि तुम्ही ती विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीने वाचताय. भातखंडे लिपीत स्वरावर टिंब म्हणजे तार, खाली टिंब म्हणजे मंद्र. पलुस्करांकडे वरचे टिंब मंद्राचे आणि वरची उभी रेघ तारेची. भातखंड्यांची उभी रेघ फक्त तीव्र मध्यमावर येते. म्हणून आधी तालाच्या खुणा पाहा. समेला (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला) × आणि खालीला (टाळी न देता हात सोडतात त्या जागेला) ० असेल तर भातखंडे. समेला १ आणि खालीला + असेल तर पलुस्कर. कोमल स्वराखाली आडवी रेघ की पाय मोडल्यासारखी तिरपी खूण, हेही तपासा. पलुस्करांत स्वराखालची आडवी रेघ एका मात्रेची असते, कोमलाची नव्हे. त्या लिपीत स्वराखालचे छोटे शून्य अर्ध्या मात्रेचे. त्याला तालाची खाली समजलात की सगळा ठेका सरकतो.

भातखंडे लिपीत स्वरांखालची कमान त्यांना एका मात्रेत बांधते, वरची कमान मींडेची (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरण्याची). दाटीने लिहिलेल्या कार्डावर वरच्या ओळीची खालची कमान आणि खालच्या ओळीची मींड एकमेकींत मिसळतात. अशा वेळी मात्रा मोजा. त्रितालाच्या आवर्तनात १६ भरल्या नाहीत तर एखादी कमान सुटली आहे. मात्र पहिली ओळ अपुरी दिसली म्हणून ती चूक समजू नका. मुखडा (समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा) नवव्या मात्रेपासून उठत असेल तर लेखणीही तिथूनच सुरू होते. कंसातला (प) म्हणजे एका मात्रेत धपमप. कणस्वर (मुख्य स्वराआधी निसटता लागणारा स्वर) वर डावीकडे बारीक लिहिलेला असतो, तो मात्रेत धरू नका.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे. नंतरच्या पत्रातल्या दुरुस्तीने आधीची बंदिश 'सुधारून' उतरवू नका. दोन्ही रूपे आपापल्या पत्रासह जशीच्या तशी ठेवा, भोवतीच्या मजकुरासकट. अंतरा का बदलला हे त्या मजकुरातच असते, आणि तेवढे कारण कुठल्याही छापील पुस्तकात मिळत नाही.

कागदराखण
लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पडतो. पिना आणि क्लिपा काढा, गंजतात. प्रत्येक पत्र आम्लरहित कागदात किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात, घडी उघडून, आडवे ठेवा. पीव्हीसीची पाकिटे घेऊ नका.

नागपुरात दोन ऋतू सांभाळायचे. मे महिन्यात कागद ठिसूळ होतो, तेव्हा घडी जोराने उघडली तर शिवेवरच तुटते. त्याच दिवसांत कूलरच्या खोलीतली दमट हवा बुरशीला पुरेशी, म्हणून पेटी त्या खोलीत नको. पावसाळ्यात भिंतीला टेकवू नका. जांभळट अक्षरे दिसली तर ती कॉपिंग पेन्सिल. थेंबभर पाण्याने पसरते, तिथे ओला बोळाही फिरवू नका.

कसर (कागद खाणारी कीड) लागली असेल तर पत्रे बंद पिशवीत हवा काढून उणे १८ अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवस उघडू नका, नाहीतर दव कागदावर धरते.

स्कॅन रंगीत, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइलमध्ये. काळ्या-पांढऱ्यात फिकट टिंबे गळतात आणि धुळीचे कण टिंब होऊन बसतात. मागची शाई दिसत असेल तर पाठीमागे काळा कागद ठेवा. पत्त्याची बाजूही स्कॅन करा.

विदर्भवाचक
पत्त्याची बाजू तारखेसाठी हवीच. टपालाचा शिक्का पुसट असेल तर पत्त्यात नागपूरपुढचे राज्याचे नाव वाचा: 'सी. पी.' (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) म्हणजे साधारण १९५० पूर्वी, 'म. प्र.' १९५० ते ऑक्टोबर १९५६, 'मुंबई राज्य' एप्रिल १९६० पर्यंत. लोक जुनी नावे वर्षानुवर्षे लिहीत राहतात, म्हणून यातून अलीकडची मर्यादा ठरत नाही, फक्त नव्या नावाआधीचे पत्र नाही एवढेच कळते. तिकिटावर 'नये पैसे' असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरचे. पत्र लिहिणाऱ्याच्याच हस्ताक्षरात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे.

धंतोलीकर
खूप उपयोग झाला. समेला १ असलेली पत्रे वेगळी काढतो. ही पत्रे छापायची तर परवानगी शिष्याच्या घरच्यांची पुरेल?

विदर्भवाचक
नाही. कागद त्यांचा, पण मजकूर आणि बंदिशींचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षे धरतात. आधी कधीच छापले नसेल तर मुदत प्रथम प्रकाशनापासून मोजतात, म्हणून जुने आहे एवढ्यावर भागत नाही. वारसांची लेखी संमती घ्या, आणि तीत स्वरलिपी व मजकूर दोन्हींचा उल्लेख असू द्या.