नर्सला हीरो करण्याआधी वॉर्डात माणसं द्या

रात्रपाळी
परवा या फोरमवर गुणवत्तादूत यांचा लेख आला. थोडक्यात असा: ज्या नर्सेसकडे आशा, आत्मविश्वास, चिवटपणा आणि आशावाद असतो त्यांना बर्नआउट (कामाच्या ताणाने पार पिळून निघणं) कमी होतो आणि त्यांचं काम सरस होतं, म्हणून हॉस्पिटलांनी हे चार गुण वाढवणारी शिबिरं घ्यावीत. खाली 'अप्रतिम', 'डोळे उघडले' यांची रांग. तिथेच प्रतिसाद द्यायला बसले होते, पण तो एवढा लांबला की हा वेगळा धागा.

माझी १६ वर्षं वॉर्डात गेली, त्यातली ९ आयसीयूत. असलं एक शिबिर मी केलेलं आहे. नाईट संपवून, हँडओव्हर देऊन (म्हणजे पेशंटची सगळी माहिती पुढच्या पाळीच्या हाती सोपवून), युनिफॉर्म न बदलता सकाळी साडेआठला सभागृहात. प्रशिक्षक बाईंनी रंगीत कागद वाटले आणि म्हणाल्या, तुमचं सगळ्यात मोठं बलस्थान लिहा. मी लिहिलं, 'मूत्राशय'. बाई हसल्या, त्यांना विनोद वाटला. शेजारची सिस्टर हसली नाही. तिने आपल्या कागदावरचं 'सहनशीलता' खोडलं आणि तेच लिहिलं.

त्या रात्री मी एकटी तीन पेशंट बघत होते, पैकी दोन व्हेंटिलेटरवर. एकाचा औषध सोडणारा सिरिंज पंप संपत आला म्हणून ओरडतोय, दुसऱ्याला सक्शन लागतंय (नळीने कफ ओढून काढायचा), तिसऱ्याची कूस बदलायची वेळ टळून दोन तास झालेले. यात माझा आशावाद नेमका कुठे जोडायचा? पंपाला?

थकल्याचं मला कळतं, त्याची भीती नाही. भीती वाटली ती वेगळ्याच प्रसंगात. एका बाईंचा मुलगा येऊन म्हणाला, सिस्टर, आई कशी आहे? मी विचारलं, कितवा बेड? त्या बाई अकरा दिवस माझ्याच हाताखाली होत्या. नाव आठवेना. त्याचा चेहरा उतरलेला मी बघितला आणि तरीही बेड नंबरचीच वाट बघत उभी राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउट घेतला, पण आजार म्हणून घेतला नाही. कामाच्या ठिकाणच्या नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम, असं म्हटलं. तो ताण कोणी हाताळायचा ते लिहिलेलं नाही. शिबिरवाल्यांनी परस्पर ठरवलंय की मी.

गुणवत्तादूत
माझ्या एका लेखावर अख्खा धागा, भरून पावलो. स्टाफ नको असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. एकाच वॉर्डात, एकाच इन्चार्जच्या हाताखाली, तेवढेच पेशंट घेऊन दोघी काम करतात. एक तीन महिन्यांत राजीनामा देते, दुसरी उभी राहते आणि वर नव्या मुलींना शिकवते. हा फरक आला कुठून? व्यवस्थापनाचे अभ्यासक फ्रेड ल्युथान्स आणि सहकाऱ्यांनी हे चार गुण एकत्र करून २४ प्रश्नांत मोजले, आणि त्यांचा मुद्दाच हा की हे गुण जन्मजात नसतात, वाढवता येतात. भरतीच्या फायलीवर माझी सही चालत नाही. माझ्या हातात तीन तासांचं शिबिर आहे. तेही करू नको?

रात्रपाळी
फरक कुठून आला ते सांगते. पहिलीचं मूल दहा महिन्यांचं होतं. दुसरीच्या डोक्यावर कर्ज आहे. ती चिवट नाहीये, अडकलीय. तुमच्या २४ प्रश्नांत या दोन गोष्टी वेगळ्या निघतात का?

विदावेडा
रात्रपाळींशी सहमत, फक्त कारण वेगळं. असे बहुतेक अभ्यास कसे होतात बघा. एकाच दिवशी एकाच नर्सच्या हातात तीन कागद: तुम्ही किती आशावादी आहात, किती थकला आहात, आणि तुमचं काम कसं चाललंय. आशावादी माणूस 'माझं काम छान चाललंय' असं लिहिणारच, त्याशिवाय तो आशावादी कसला? मग दोन आकडे जुळतात आणि आपण म्हणतो गुणांमुळे कामगिरी सुधारली. कारण-परिणामाचा बाण उलटाही असेल. चांगल्या वॉर्डात काम करणाऱ्याची आशा टिकत असेल.

याउलट नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचं २००२चं काम घ्या. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ हॉस्पिटलं, शस्त्रक्रिया झालेले दोन लाखांवर पेशंट. नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त, आणि नर्सच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी.

गुणवत्तादूत
तोही एकाच वेळी गोळा केलेला विदा (डेटा) आहे, साहेब. तिथे बाण उलटा असत नाही वाटतं?

विदावेडा
घ्या, हा मुद्दा तुमचा. पण मृत्यू कोणी स्वतःच्या हाताने प्रश्नावलीत भरत नाही. आणि आधी-नंतरचा पुरावाच हवा असेल तर ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड राज्य आहे. तिथे २०१६ला काही सरकारी हॉस्पिटलांत दिवसा चार पेशंटमागे एक नर्स आणि रात्री सातामागे एक, असं बंधन आलं. बंधन नसलेल्या हॉस्पिटलांशी तुलना करता तिथलं मृत्यूचं आणि पुन्हा भरती होण्याचं चित्र सुधारलं. शिबिरानंतर मृत्यू घटल्याचा असा अभ्यास असेल तर द्या, मी जाहीर माफी मागेन.

वाट बघणारा
सगळं खरं असेल हो, पण पेशंटच्या बाजूचंही कोणीतरी बोला. माझे वडील पोटाच्या ऑपरेशननंतर बेल दाबून थकले. पाऊण तास. सिस्टर आल्या त्या म्हणाल्या, 'तुम्ही एकटेच आहात का इथे?' वडील नंतर बेलच दाबेनात. रात्री स्वतः उठायला गेले आणि पडले. स्टाफ कमी, मान्य. पण गोड बोलायला किती स्टाफ लागतो?

नाईटवाला ब्रदर
लागतो. सांगतो किती. बाराव्या तासाला गोड बोलायला आणखी एक माणूस लागतो, कारण माझ्यातला तोवर संपलेला असतो. तुमच्या वडिलांचं वाईट वाटलं, मनापासून. पण मूळ रोग बारा तासांची ड्यूटी हा आहे आणि त्यावर इथे कोणीच बोलत नाहीये. म्हणजे बारा तास वाईट असं नाही, मला स्वतःला बाराच हवेत, आठवड्याला जास्त ऑफ मिळतात. पण बाराचे चौदा होतात तिथे सगळं फिसकटतं.

जुनी मेट्रन
बारा हवेत म्हणे! आमच्या वेळी तीन पाळ्या, आठ-आठ तास. चाळीस खाटांचा वॉर्ड, दोन सिस्टर आणि शिकाऊ मुली. कोणाला बर्नआउट झाला नाही, कारण तो शब्दच नव्हता.

रात्रपाळी
शब्द १९७४मध्येच आला होता, बाई. फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांवरून वापरला. तुम्हाला कोणी सांगितला नाही, एवढंच.

जुनी मेट्रन
मला शिकवू नका. मीही रडले आहे लिनन रूमचं दार लावून. फरक इतकाच की तोंड धुवून औषधांची ट्रॉली घेऊन परत गेले. आठ तासांनी सुटका होणार हे माहीत असायचं. आणि दिवसातून तीनदा हँडओव्हर झाला की एकाची चूक दुसऱ्याच्या डोळ्याला दिसते. बारा तासांत ते दोनदाच होतं.

नाईटवाला ब्रदर
दर हँडओव्हरला काहीतरी गळतंही, ते सोयीस्करपणे विसरलात.

विदावेडा
दोघांसाठी. अ‍ॅन रॉजर्स यांचा अमेरिकेतला २००४चा अभ्यास: ३९३ नर्सेसनी २८ दिवस रोजनिशी लिहिली. साडेबारा तास किंवा त्याहून लांब पाळीत चुकीची शक्यता सुमारे तिप्पट. अमेरिकेतल्याच चार राज्यांचा २०१२चा अभ्यास आणखी गमतीचा आहे. ८० टक्क्यांहून जास्त नर्सेस आपल्या वेळापत्रकावर खूश होत्या, आणि दहा तास किंवा त्याहून लांब पाळी करणाऱ्यांत बर्नआउटची शक्यता अडीच पटीपर्यंत जास्त निघाली. ब्रदर, तुमचंच चित्र आहे हे.

नाईटवाला ब्रदर
म्हणजे मला काय हवं ते मला कळत नाही, असंच ना? गुणवत्तादूत म्हणणार माझ्यात चिवटपणा कमी, तुम्ही म्हणणार अक्कल कमी. छान. आठवड्याला सहा दिवस येऊन-जाऊन बघा एकदा, मग पट सांगा.

जुनी मेट्रन
दोघे-तिघे मिळून नीट आठ तास करा, म्हणजे चौदा होणार नाहीत.

नाईटवाला ब्रदर
तिसरा आणायचा कुठून, बाई? दोघांचेच वांधे आहेत.

नवीनकोरी
वॉर्डात माझं पहिलंच वर्ष आहे. शिव्या खाईन, पण मला शिबिराचा फायदा झाला. तिथे आमच्याकडून एकच गोष्ट वदवून घेतली, 'मला हे एकटीला जमत नाही, या.' मोठ्याने, वीस वेळा. हसू येत होतं. पुढच्याच आठवड्यात एका पेशंटचा बीपी पडत गेला आणि तोंडातून ते वाक्य आपोआप निघालं. एरवी मी अजून दहा मिनिटं एकटीच झगडले असते. दुसरं, माझ्या हातात पहिला पेशंट गेला त्या दिवशी सिनिअर सिस्टर माझ्याजवळ दहा मिनिटं बसल्या. बोलल्या नाहीत फारसं. त्या नसत्या बसल्या तर मी आज घरी असते.

गुणवत्तादूत
हेच, हेच तर मी म्हणत होतो! आत्मविश्वास, चिवटपणा, आणि तो एकमेकींकडून येतो. धन्यवाद नवीनकोरी.

रात्रपाळी
नवीनकोरी, शिव्या कशाला गं. ते वाक्य शिकवलं असेल तर तेवढं शिबिर चांगलं, लिहून देते. आता एवढंच सांग, सिनिअर दहा मिनिटं बसली त्या दिवशी तिचे पेशंट कोण बघत होतं?

नवीनकोरी
त्या दिवशी स्टाफ पूर्ण होता ताई. एक जादाच होती.

रात्रपाळी
बरं.

वाट बघणारा
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच.

रात्रपाळी
देते. 'तुम्ही एकटेच आहात का' हे मीही म्हटलेलं आहे, याच शब्दांत. तुमच्या वडिलांना नसेल, पण कोणाच्यातरी वडिलांना. म्हणायला नको होतं. स्टाफ कमी होता हे कारण आहे, पण तुमचे वडील पडले त्यावर ते पांघरूण घालणार नाही.

वाट बघणारा
ठीक आहे. आभारी आहे. बेल दाबायची नाही हे मात्र ते अजून धरून बसलेत.

गुणवत्तादूत
रात्रपाळी, नाईटनंतर सकाळी शिबिर ठेवणं ही आमचीच चूक, एवढं मी मान्य करतो. पुढचं शिबिर ड्यूटीच्या वेळात, रिलीव्हर (तेवढ्या वेळापुरता बदली माणूस) देऊन ठेवायचा प्रस्ताव टाकतो. आता तरी याल?

रात्रपाळी
रिलीव्हर खरंच मिळाला तर त्याला वॉर्डातच ठेवा, आणि मलाही. तीन तास दोघी मिळून काम करू, मग भरा ते २४ प्रश्न. निघते, आज नाईट आहे.

जुनी मेट्रन
किती तासांची?

नाईटवाला ब्रदर
बाई, आठ तासांचा वेगळा धागा काढा.

जुनी मेट्रन
काढतेच.