मागच्या प्लॉटचं काय करायचं?

बी-402: काल फॉगिंगवाले आले, पण मागच्या प्लॉटमध्ये शिरलेच नाहीत. खाजगी जागा आहे म्हणाले. पत्र्याच्या फटीतून बघा, टायरमधल्या पाण्यात अळ्या वळवळतायत. लेक डेंग्यूने पाच दिवस ॲडमिट होती. इतकी वर्षं पडून असलेली जागा सरकारने ताब्यात घ्यावी आणि बाग करावी. सह्या गोळा करू या.

ए-104: माझी सही धरा 👍

सी-101: वहिनी, लेक आता कशी आहे? डासांचं आजच बघू. पण "जागा सरकारजमा करा" या अर्जावर मी सही करणार नाही. आमच्या आजोबांची साडेतीन एकर शेतसारा थकला म्हणून आकारीपड लागली, म्हणजे थकबाकीपोटी सरकारजमा झाली. सातबाऱ्यावर नाव आलं "सरकार". बारा वर्षांच्या आत बाकी भरली तर जमीन परत मिळते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. पुढे वडिलांनी खेटे घालून चपला झिजवल्या. सरकारने त्या जमिनीवर काय केलं? आजही तिथे बाभळीच आहेत. जानेवारी 2025 मध्ये मंत्रिमंडळाने अशी 4,849 एकर जमीन 963 खातेदारांना, बाजारमूल्याच्या 5 टक्के रक्कम घेऊन, परत द्यायचं ठरवलं. वडील तोवर गेले होते.

ए-104: काका, ते शेतकऱ्याचं झालं. शहरात लोक भाव वाढायची वाट बघत जागा अडवून बसतात. 1976 चा यूएलसी, म्हणजे शहरातल्या जास्तीच्या जमिनीवर मर्यादा घालणारा कायदा, त्यासाठीच होता ना?

सी-101: होता. पण कलम 20 खाली सवलत घेऊन कित्येकांनी जागा राखल्या, आणि 2007 मध्ये राज्याने तो गुंडाळला.

डी-303: मागच्या जागेवर अकरा वारस आहेत, दावा चालू आहे. भाव-बिव काही नाही.

बी-402: काका, वाचून वाईट वाटलं. पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत आमच्या मुलांनी डास चावून घ्यायचे का?

सी-101: मुळीच नाही. म्हणून जागा नको, सफाई मागू. मालकांना नोटीस द्यायची, त्यांनी नाही केलं तर पालिकेने साफ करून खर्च त्यांच्याकडून वसूल करायचा, तसा अधिकार आयुक्तांना आहे. बाग हवी असेल तर आधी डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, तसं आरक्षण आहे का बघा. असेल तर पालिकेने रीतसर मोबदला देऊन घ्यावी, मी पहिली सही करीन.

डी-303: डीपीची शीट संध्याकाळी टाकतो.

बी-402: टायरचे फोटो पाठवलेत. मागे फुटकी टाकीही आहे, तीही भरलेली. अर्जात लिहा.