मदत हवी आहे: तक्त्यात निहाली भाषा कुठे दाखवावी?

नमस्कार मंडळी. शाळेच्या भिंतीसाठी महाराष्ट्रातल्या भाषांचा मोठा तक्ता करतेय. मराठी, अहिराणी, भिली इंडो-आर्य गटात, गोंडी आणि कोलामी द्राविडी गटात. मेळघाटातली कोरकू मुंडा गटातली, म्हणजे झारखंडच्या संथाली-मुंडारीची नातलग. इथवर काही अडलं नाही.

घोडं अडलंय निहालीपाशी. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या आसपास ती बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार लोक आहेत. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात ती मुंडा गटात घातली होती. पुढे 1962 मध्ये डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी तिचा सविस्तर अभ्यास मांडला. कोरकूतून आलेले शब्द तिच्यात भरपूर, 'चार'ला 'नालो' हा उघड द्राविडी शब्द, मराठी-हिंदीची भर वेगळीच. पण हे सगळं बाजूला काढल्यावरही मूळ शब्दांचा मोठा साठा उरतो आणि त्याचं नातं कुठल्याच कुळाशी लागत नाही. म्हणून बहुतेक अभ्यासक तिला स्वतंत्र भाषा मानतात. मलाही तेच पटतं, कारण उसन्या शब्दांवरून कूळ ठरत नाही.

तर विचारायचं असं, की तिला एकटीच्या चौकटीत ठेवून कोरकूकडे तुटक रेघ काढली तर मुलांना देवघेव आणि नातं यातला फरक कळेल का? शिवाय निहाल समाज कोरकूंच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहतो. ते स्वतःला वेगळे मानतात की कोरकूंपैकीच? त्या भागातलं कुणी असेल तर कृपया सांगा. लोकांची ओळख मी परस्पर ठरवणं मला योग्य वाटत नाही.