ईएमटीचा कोर्स झाला, पुण्यात अ‍ॅम्ब्युलन्सवर काम कसं मिळेल?

सासवडची_मुलगी

नमस्कार, वय २१, मूळची सासवडची, आत्ता हडपसरला मावशीकडे राहते. बारावी सायन्सनंतर एक वर्षाचा इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा कोर्स केला, दीड महिन्यापूर्वी सर्टिफिकेट हातात आलं. बीएलएस आणि एसीएलएस (हृदय-श्वास बंद पडल्यावर करायच्या उपचारांचं बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड ट्रेनिंग) दोन्हीची कार्डं पण आहेत. तेव्हापासून रोज कुठेतरी फोन करतेय किंवा बायोडाटा देऊन येतेय आणि सगळीकडून एकच प्रश्न, अनुभव किती? अहो नुकताच कोर्स झालाय, अनुभव कुठून आणू, कोणी घेतलं तर येईल ना. १०८ वर जायचं हेच डोक्यात ठेवून कोर्स केला होता, तर तिथल्या ओळखीच्या एका पायलट (म्हणजे गाडीचे ड्रायव्हर) दादांनी सांगितलं की तिथे गाडीत डॉक्टर लागतो, ईएमटीला घेत नाहीत. हे कोर्सला अ‍ॅडमिशन घेताना आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

एका प्रायव्हेट अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी मात्र लगेच ये म्हणून सांगितलंय. महिना १२ हजार, बारा तास ड्युटी, नाईट पण, अपॉइंटमेंट लेटर नाही. आणि पहिल्या दिवसापासून व्हेंटिलेटरच्या पेशंटसोबत एकटीने जायचं. मला काम हवंय पण खरं सांगते, भीती वाटतेय. घरी आई म्हणते नाईट असेल तर नकोच. काय करू? या लाइनमध्ये असलेल्यांनी प्लीज सांगा.

कॅज्युअल्टी_नाईट

अगं ती भीती वाटतेय ना ती बरोबर आहे, तिचं ऐक. मी नऊ वर्षं कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात आहे, त्यातली पहिली दोन टेक्निशियन म्हणून स्ट्रेचर ढकलण्यात आणि ईसीजी काढण्यात गेली आणि आज जे काही येतंय ते तिथलं आहे.

१०८ चं तुला सांगितलं ते खरं आहे. आपल्याकडे ही सेवा २०१४ ला सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, २३३ अ‍ॅडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक, आणि रचनाच अशी की गाडीत डॉक्टर, बहुतेक बीएएमएस (आयुर्वेद) नाहीतर बीएचएमएस (होमिओपॅथी) झालेले, आणि सोबत पायलट. हैदराबादला २००५ ला सुरू झालेली १०८ आणि नंतर गुजरातची, तिथे गाडीत ईएमटी असतो. कोर्सवाले तिथले फोटो आणि व्हिडिओ दाखवतात आणि पोरांना वाटतं इथेही तसंच असेल. तुझी चूक नाही यात.

माझं म्हणणं एवढंच की पहिलं वर्ष अ‍ॅम्ब्युलन्स डोक्यातून काढ आणि मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत शिर. पोस्टचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, इमर्जन्सी टेक्निशियन, ईआर असिस्टंट, काही ठिकाणी ईसीजी टेक्निशियन म्हणूनच घेतात, नावावर अडून बसू नकोस. कॅज्युअल्टीत एका नाईटला छातीत दुखणारा, फिट आलेला, नवले पुलावरचा अ‍ॅक्सिडेंट, विष घेतलेलं पोरगं, हे सगळं बघायला मिळतं आणि मुख्य म्हणजे तुझ्या मागे आरएमओ म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर उभा असतो, सिस्टर उभी असते. हात चुकला तर कोणीतरी धरतं. गाडीत तुझा हात धरायला कोणी नसतं गं.

आणि बायोडाटा एचआरच्या टेबलावर ठेवून येऊ नकोस. दुपारी तीन-साडेतीनला जा, सकाळची गर्दी ओसरलेली असते, कॅज्युअल्टीच्या इनचार्ज सिस्टरना नाहीतर इमर्जन्सीच्या डॉक्टरांना पाच मिनिटं भेटायचंय म्हणून थांब. माणूस कमी आहे का नाही हे एचआरच्या आधी त्यांना माहीत असतं.

गाडीवरचा_दादा

वरच्या ताईंचं पटलं पण सगळं नाही. कॅज्युअल्टीत पेशंट तुमच्याकडे स्ट्रेचरवर येतो. तो चौथ्या मजल्यावरून खाली कसा आणायचा हे तिथे कोण शिकवणार? पेठेतल्या वाड्यात लाकडी जिना असतो, एक माणूस कसाबसा जातो, त्यातून ९० किलोचा माणूस ऑक्सिजन चालू ठेवून चेअर स्ट्रेचरवर उतरवायचा, पायाकडचा माणूस उलटा चालतो आणि त्याला पायऱ्या मोजून सांगाव्या लागतात. हे गाडीवरच येतं. त्यामुळे गाडी टाकाऊ नाही, फक्त आता जी ऑफर आलीय ती नको.

व्हेंटिलेटरचा पेशंट पहिल्या दिवशी एकट्या नवीन पोरीच्या हातात देणारा मालक उद्या काही झालं की तुझंच नाव पुढे करेल, आणि लेटर नसल्यामुळे तू तिथे कामाला होतीस हेसुद्धा सिद्ध करता येणार नाही. मी स्वतः सुरुवातीला अशाच एकाकडे होतो, नाव नाही घेत. चाकणहून पेशंट शहरात आणायचा होता, गेज बघितला तर सिलेंडर अर्धा, मालक म्हणाला पुरेल चल. बी टाइप सिलेंडर पूर्ण भरलेला असला तर साधारण १५०० लिटर, म्हणजे अर्ध्यात ७५०, पेशंटला मिनिटाला १० लिटर चालू होतं म्हणजे सव्वा तास, आणि त्या दिवशी नाशिक फाट्याच्या अलीकडेच तासभर गेला. पोचलो तेव्हा काटा लाल पट्ट्यात होता. पेशंट वाचला पण माझे हात रात्रीपर्यंत थरथरत होते. तेव्हापासून गाडी हलायच्या आधी मी स्वतः गेज बघतो, हिशोब करतो, लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट ऑक्सिजन नसेल तर दुसरा सिलेंडर टाकल्याशिवाय निघत नाही. सक्शन चालू करून बघायचं, अंबु बॅग (श्वास द्यायची पिशवी) हाताने दाबून बघायची, मास्क लहान मुलाचा आहे का बघायचं, मॉनिटरची बॅटरी बघायची. कोणी हसलं तरी चालेल.

मुलाखतीला हाच ऑक्सिजनचा हिशोब विचारतात बरं का, तोंडी करता आला पाहिजे.

चाकणचा_ब्रदर

अजून एक रस्ता आहे जो कोर्समध्ये कोणी सांगत नाही, कंपनी. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ४५ मध्ये होतं आणि २०२५ ला लागू झालेल्या नव्या कामगार कायद्यातही तेच आहे, कारखान्यात ५०० च्या वर कामगार असले की अ‍ॅम्ब्युलन्स रूम ठेवावीच लागते. चाकण, रांजणगाव, तळेगाव इथे अशा कंपन्या भरपूर आहेत. आमच्या ओएचसीला, म्हणजे कंपनीतल्या दवाखान्यात, डॉक्टर ठराविक वेळ येतात, बाकी शिफ्टला ब्रदर (पुरुष नर्स) किंवा टेक्निशियन. बोट प्रेसमध्ये सापडणं, डोळ्यात केमिकल जाणं, उन्हाळ्यात शॉपवर चक्कर येणं, असलं काम. रोज काही घडत नाही हे मान्य, पण पीएफ कापला जातो, बस असते, कँटीन असतं, आणि अभ्यासाला वेळ मिळतो. भरती बहुतेक कॉन्ट्रॅक्टरकडून होते, त्यामुळे कंपनीच्या गेटवर जाऊन उपयोग नाही, आत ओळख असेल तर कॉन्ट्रॅक्टर कोण ते विचार.

अभ्यासाचं मुद्दाम म्हणतोय. २०२१ चा केंद्राचा अलाइड हेल्थकेअरचा कायदा वाच, त्यात पॅरामेडिक हा व्यवसाय यादीत आलाय, पण डिप्लोमा दोन वर्षांत पसरलेला कमीत कमी २००० तासांचा आणि वरच्या, म्हणजे डिग्रीच्या दर्जाला ३६०० तास असं आहे. एक वर्षाचा कोर्स त्यात बसत नाही. म्हणजे पुढे रजिस्ट्रेशनची सक्ती होईल तेव्हा आपण बाहेर राहायला नको. वय २१ आहे, काम करत करत बीएस्सीचं बघ.

कॅज्युअल्टी_नाईट

हे चाकणच्या दादांनी फार महत्त्वाचं सांगितलं. कंपनीचं मी सुरुवातीलाच सुचवणार नाही कारण हात बसायच्या आधी शांत जागी गेलं की शिकलेलं विसरतं, पण वर्ष-दोन वर्षांनी नक्की.

राहिलेलं एक, आणि हे कुठेही कामाला लागायच्या आधी कर. हिपॅटायटिस बी चे तीन डोस, आज पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून घे. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं, दाबून रक्त काढत बसायचं नाही, आणि लाजून लपवायचं तर अजिबात नाही. एचआयव्हीसाठीचं औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. माझ्यासोबतच्या एका नवीन मुलीने ओरडा बसेल म्हणून चार दिवस सांगितलंच नव्हतं. रिपोर्ट चांगले आले पण ते महिने तिने कसे काढले ते मी बघितलंय.

नाईटबद्दल आईला सरळ हॉस्पिटलमध्ये घेऊन ये, सिस्टरांची चेंजिंग रूम दाखव, ड्रॉपची गाडी असते का ते त्यांच्यासमोरच विचार. माझ्या आईला मी असंच आणलं होतं, रिसेप्शनच्या बाकावर अर्धा तास बसली आणि गेली, नंतर कधी बोलली नाही.

सासवडची_मुलगी

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दोनदा वाचलं. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना आज सकाळी फोन करून नाही म्हणून सांगितलं. ते चिडले पण असू दे.

ताई तुम्ही सांगितलं तसं दुपारी साडेतीनला हडपसरच्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेले. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या जागा पुढच्या महिन्यात आहे, पण ईसीजी काढता येतो का दाखव. एका आजोबांचा काढला, छातीवर लावायच्या व्ही वन व्ही टू लीडची जागा चुकेल म्हणून फासळ्या बोटाने मोजल्या तर सिस्टर काही बोलल्या नाहीत, फक्त बघत होत्या. गुरुवारी डॉक्टरांना भेटायला बोलावलंय. हिपॅटायटिसचा पहिला डोस उद्या घेतेय. दादा, सिलेंडर पाऊण भरलेला आणि ६ लिटर चालू असेल तर ११२५ भागिले ६, म्हणजे तीन तासांच्या थोडं वर, पण तुमच्या दुप्पटच्या नियमाने दीड तासाच्या प्रवासालाच निघायचं, बरोबर ना?

गाडीवरचा_दादा

बरोबर. आणि पोचल्यावर स्ट्रेचर उतरवून हँडओव्हर होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात, ती पण त्या दीड तासातच धर.