आल्प्सच्या चढांसाठी मुंबईत सराव कसा करावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या जुलैत 'लेताप द्यू तूर' चालवायचं ठरवलंय. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा एक अख्खा टप्पा, रस्ता गाड्यांना बंद ठेवून, आपल्यासारख्या हौशी लोकांना चालवायला मिळतो. १९९३ पासून हे सुरू आहे. ठरल्या वेळेच्या मागे पडलं की शर्यतीतून बाहेर काढतात, त्याचीच धास्ती आहे.

राहायला मुलुंडला. येऊरचा चढ आता अंगवळणी पडलाय. पण तयारीसाठी डोळ्यांसमोर धरलाय आल्प्समधला आल्प द्युएझचा घाट : १३.८ किलोमीटर, २१ वळणं, सरासरी आठ टक्के चढ. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत आपण साधारण साडेपाचशे मीटर वर जातो, तिथे हजाराच्या वर! म्हणून गेल्या रविवारी बोरघाट लागोपाठ दोनदा चढलो. दुसऱ्या खेपेला शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडेच उजवा गुडघा आतल्या बाजूने ठणकायला लागला. पुढे ३४ दात्यांची चकती, मागे सर्वांत मोठी २८ ची, आणि पेडल मिनिटाला पन्नास वेळाही फिरेना. देवळापाशी उतरून पाणी प्यायलो, पाच मिनिटं तसाच बसलो.

मागे ३४ ची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) टाकली तर डिरेलरही (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) बदलावा लागतो का? मेकॅनिकने सायकलकडे न बघताच "चालेल" म्हटलं, त्यावर भरवसा बसत नाही. आणि तासभर सलग चढायला माळशेज बरा की वाईचा पसरणी घाट? पहाटेच्या ट्रकांचा अनुभव असेल तर तोही जरूर सांगा.